भाऊ सरपंचपदाला उभा राहतोय. माणसं जोडलेली आहेत, बोलतो छान. पण तयारीचं काय?

माणदेशची_लेक

नमस्कार. बरेच महिने इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा विचारतेय.

माझा धाकटा भाऊ येत्या निवडणुकीत थेट सरपंचपदाला उभा राहतोय. वय ३२. आमच्या माणदेशात यात्रा-उरुसाला कुस्त्यांची मैदानं भरतात, तिथं तो समालोचन करतो. हलगी कडाडायला लागली आणि त्याचा आवाज चढला की बाहेर चहा पीत उभी असलेली माणसं कप ठेवून आत येतात. कोणता पैलवान कुठल्या तालमीतला, त्याच्या आज्यानं कुठं कोणाला चीतपट केलं होतं, सगळं तोंडपाठ. गावात मयत असो, बारसं असो, हा हजर. कोरोनात रात्री दोनला फोन आला तरी गाडी काढायचा. लोक त्याच्यावर जीव टाकतात आणि ते खोटं नाही, मी जवळून बघितलंय.

मी शेजारच्या गावात दिलेली. एका पतसंस्थेत ११ वर्षं हिशेबाचं काम करते. त्यामुळे असेल, पण मला एका गोष्टीनं झोप लागेना झालीय.

परवा मंडळाच्या आरतीनंतर त्यानं माईक हातात घेतला आणि म्हणाला, "मी निवडून आलो तर मागची सगळी पाणीपट्टी माफ!" शिट्ट्या, टाळ्या. मी आईशेजारी बसले होते. घरी आल्यावर विचारलं, "बाळा, पंपाचं लाइटबिल महिन्याला किती येतं?" गप्प. "नळजोड किती आहेत गावात?" "असतील चार-साडेचारशे." "वर्षाला वसूल किती होतं?" त्यावर म्हणाला, "आक्का, ते ग्रामसेवक बघतो."

ज्याला पाच वर्षं गाव चालवायचंय त्याच्या तोंडचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. घरात मी हे बोलले तर आई म्हणते, तू उगाच त्याचा पाय ओढतेस, एवढी माणसं त्याच्या मागं आहेत. मी चुकतेय का? आणि तयारी करायचीच तर दोन महिन्यांत कुठून सुरुवात करायची? अर्ज भरायचा कसा, हे विचारत नाही. निवडून आल्यावर कामाला येईल अशी तयारी हवीय.

निवृत्त_ग्रामसेवक

ताई, चुकत नाही तुम्ही. सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नात माझी ३१ वर्षं गेली.

"ते ग्रामसेवक बघतो" हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलं, त्यांतले बहुतेक सरपंच भले होते. त्यातल्या एकाची गोष्ट सांगतो, गावाचं नाव सांगत नाही. माणूस इतका लाडका की प्रचारात त्याला कोणी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. मोठ्या फरकानं निवडून आला. दुसऱ्या वर्षी पाण्याच्या टाकीचं काम चालू होतं. ठेकेदार रोज घरी यायचा, गोड बोलायचा. काम स्लॅबपर्यंत आलं नव्हतं आणि बिल पुढं आलं. मोजमाप पुस्तिकेत काय लिहिलंय ते सरपंचांनी वाचलं नाही. "तुम्ही बघितलंय ना? मग झालं," म्हणून सही केली. आणि मी तेव्हा अडवून धरायला हवं होतं, ते केलं नाही. मीही सही केली. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, वसुली लागली, निम्मी त्यांच्या नावावर, निम्मी माझ्या. माझी पगारातून कापली गेली. त्यांनी बैलजोडी विकली. एक रुपया खाल्लेला नव्हता त्या माणसानं. त्यांच्या दारावरून जाताना अजून मान खाली जाते माझी.

म्हणून सांगतो, सरपंचाची सही ही त्याच्या स्वभावाची सही नसते. गावात त्याच्याबद्दल काय बोलतात हे लेखापरीक्षक विचारत नाही. तो कागद बघतो.

आता कुठून सुरू करायचं. पाण्यापासूनच करा, कारण तोंड तिथं उघडलंय. नमुना ९ म्हणजे कर मागणीची नोंदवही. त्यात पाणीपट्टीची चालू मागणी किती, मागची थकबाकी किती, हे सापडेल. वसुली किती झाली ते पावत्यांवरून आणि रोकडवहीवरून. मग बारा महिन्यांची पंपाची बिलं, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, मोटार जळली की रिवाइंडिंग. हे सगळं एका कागदावर तुमच्या भावाला स्वतःच्या हातानं मांडू द्या. ताई, तुम्ही मांडू नका. तुम्हाला दहा मिनिटं लागतील, त्याला दोन दिवस. ते दोन दिवसच कामाचे आहेत.

थकबाकी एकट्या सरपंचाच्या शब्दावर पुसली जात नाही, हेही त्याला त्यातच कळेल. आणि माफीच्या घोषणेचा पहिला परिणाम असा होतो की जे भरत होते तेही भरायचे थांबतात. मग वीज तुटते. मग भर उन्हाळ्यात टँकरची मागणी करत पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवायच्या.

पाण्याचं झालं की नमुना १, म्हणजे अंदाजपत्रक, मागच्या तीन वर्षांचं. त्यातलं उत्पन्न आणि प्रत्यक्ष आलेलं उत्पन्न यांत किती अंतर पडतं ते बघा. नमुना ८, घरांची कर आकारणी. गावात नवे बंगले उठलेत आणि आकारणी जुन्या पत्र्याच्या घराचीच चालू आहे, असं हमखास सापडतं. लेखापरीक्षणाचे आक्षेप आणि त्यांची पूर्तता झाली का. ग्रामपंचायत विकास आराखडा आणि मागच्या ग्रामसभांची इतिवृत्तं. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तुमच्या गावात ते कशावर झाले, हा एकच प्रश्न धरून बसलात तरी निम्मी पंचायत समजेल.

वित्त आयोगाचा पैसा येतो म्हणून लोकांना वाटतं सरपंचाच्या हातात थैली असते. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१-२६ साठी घालून दिलेली वाटणी बघा. ६० टक्के बंधित, म्हणजे निम्मं पिण्याच्या पाण्यावर आणि निम्मं स्वच्छतेवर. उरलेलं ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना भागवता येत नाही. मंदिराचा सभामंडप, तालमीची इमारत, कमान, असलं जे जे माईकवर बोललं जातं, ते कुठल्या खात्यातून होणार हे आधी विचारायला हवं. पैसे कशावर गेले ते ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर फोनवरही दिसतं, त्यासाठी कोणाच्या पाया पडायला नको.

आणखी एक. त्याच्या स्वतःच्या नावावर घरपट्टी-पाणीपट्टी बाकी नाही ना, सरकारी जागेत गोठा नाही ना, हे आजच तपासा. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ खाली यावरून माणसं अपात्र होतात. आणि निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, जिंकला तरी आणि हरला तरी. तो दिला नाही म्हणून निवडून आलेली पोरं घरी बसलेली मी बघितलीत. गुलाल अंगावरून उतरायच्या आत ते काम उरकायचं.

प्रचारातला_पोरगा

काकांनी लिहिलेलं सगळं खरं, पण मी दुसरी बाजू सांगतो. मी तीन निवडणुकांत बूथ सांभाळलाय.

आमच्या गावात एक साहेब निवृत्त होऊन आले. मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी गावाचा ४० पानी आराखडा छापून घरोघरी वाटला. आराखडा खरंच चांगला होता, मी पूर्ण वाचला. ओढा खोलीकरण, शाळेची गळती, स्मशानभूमीचा रस्ता, प्रत्येकाचा खर्च दिलेला. ६१ मतं पडली. का? कारण त्या माणसाला गावातल्या कोणाचं मयत माहीत नव्हतं. मत मागायला गेले तर म्हातारी विचारते, "कुणाचा तू?" आणि यांना उत्तर देता येईना.

त्यामुळे ताई, भावाचा माईक काढून घेऊ नका. त्यानं रात्री दोनला गाडी काढली ते नुसतं छान बोलणं नाही, ती त्याची कमाई आहे. लोक सरपंचाकडे दाखल्यासाठी येतात तसं नवरा मारतो म्हणूनही येतात, बांध कोरला म्हणूनही येतात. त्या वेळी नमुना ८ उपयोगी पडत नाही.

शेजारच्या सांगोल्याचंच बघा. गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले. माणसं जोडलेली होतीच, एसटीनं प्रवास करायचे, कोणीही शेजारी जाऊन बसावं. पण निवडून यायचे ते नुसत्या साधेपणावर का? पाण्याच्या प्रश्नावर हा माणूस आयुष्यभर मागं लागला होता. १९७२ ला आणि १९९५ ला हरले, तरी विषय सोडला नाही. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही लागतं, आणि पहिलं नसेल तर दुसऱ्याची संधीच येत नाही.

निवृत्त_ग्रामसेवक

मान्य. त्या साहेबांना मत न देणाऱ्या म्हातारीला मी दोष देणार नाही. पण एक फरक लक्षात घे बाळा. साहेबांना गाव शिकायचं राहिलं होतं, या भावाला दप्तर शिकायचं राहिलंय. गाव शिकायला जन्म लागतो. दप्तर दोन महिन्यांत शिकता येतं. त्याचं जे अवघड होतं ते झालेलं आहे, म्हणून तर जीव तुटतो की सोपं तेवढं राहू नये.

सोलापूरचा_मास्तर

इतिहास शिकवतो म्हणून थोडं मागचं लिहितो. विषय सोडत नाही, बघा.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचं नाव आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलं. आवाज चढवून सभा गाजवणारा हा माणूस नव्हे. पण २६ मार्च १९०२ ला त्यांनी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर भाषण केलं आणि सरकारी बाकांवरचे लोक कान देऊन ऐकत राहिले. सरकार म्हणत होतं, तिजोरीत शिल्लक आहे म्हणजे देशाची भरभराट आहे. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवलं की दुष्काळानं मोडलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातोय, शिल्लक तिथून आलीय. मिठावरच्या कराचा मुद्दा त्यांनी लावून धरला. १९०३ मध्ये तो कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

हे आकडे आकाशातून पडले नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली त्यांनी वर्षानुवर्षं सरकारी अहवाल वाचले. आणि आमच्या सोलापुरात राहिलेले एक शिक्षक, गणेश व्यंकटेश जोशी, आकडेशास्त्रातला दांडगा माणूस, पडद्याआड त्यांना मदत करत होते. १८९७ ला विलायतेत, हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे गोखल्यांची साक्ष झाली, तिच्या तयारीतही जोशींचा मोठा हात होता. तेव्हा गोखले होते ३० वर्षांचे. ताई, तुमच्या भावापेक्षाही लहान.

पण त्याच वर्षी, त्याच विलायतेच्या मुक्कामात आणखी एक घडलं आणि मी मुलांना ते मुद्दाम शिकवतो. पुण्यात प्लेगच्या काळात गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांबद्दल पत्रं आली होती. त्यांवर विसंबून गोखल्यांनी तिथं जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. माहिती देणारे पुढं येईनात. पुरावा देता येईना. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. लोकांनी त्यासाठी त्यांना फार बोल लावले. माणूस एक, वर्ष एक. हातात कागद होता तिथं आयोगाला ऐकावं लागलं आणि कागद नव्हता तिथं मान खाली घालावी लागली. पुढं १९०५ ला त्यांनी भारत सेवक समाज काढला तेव्हा नव्या सदस्याला पाच वर्षं शिक्षणाची अट घातली. त्या माफीचा आणि या अटीचा संबंध मी माझ्यापुरता लावतो. इतिहासकार लावतीलच असं नाही.

बाबासाहेबांनीही १९५६ च्या जुलैत मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते. शाळा काही महिनेच चालली, डिसेंबरात बाबासाहेब गेले. पण वकील, अर्थतज्ज्ञ, घटनाकार असलेल्या माणसाला शेवटच्या वर्षी, तब्येत खंगलेली असताना, हे काम तातडीचं वाटलं. यात काय ते आलं.

आणि बोलणं आणि अभ्यास एकमेकांचे वैरी नाहीत. बॅरिस्टर नाथ पै यांचं भाषण ऐकायला कोकणात लोक मैलोन् मैल चालत यायचे. संसदेला मूलभूत हक्कांवर गदा आणता येणार नाही असं सुप्रीम कोर्टानं गोलकनाथ खटल्यात म्हटलं, त्या निकालानंतर तेच नाथ पै १९६७ मध्ये घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक घेऊन संसदेत उभे राहिले. अशा विधेयकावर नुसत्या वाणीवर उभं राहता येत नाही.

माणदेशची_लेक

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. काका, बैलजोडीचं मी भावाला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, उठून बाहेर गेला. आमचे वडील असेच भोळेपणानं एका कर्जाला जामीन राहिले होते, ते त्याला आठवलं असणार.

दुसऱ्या दिवशी तो ग्रामपंचायतीत गेला. पहिलीच गोष्ट निघाली ती ही की आमच्याच घरची दोन वर्षांची पाणीपट्टी बाकी. २,४०० रुपये. पाणीपट्टी माफ म्हणून जो माईकवर बोलला, त्याचीच बाकी. त्यानं तिथंच भरली, पावती घेतली आणि मला फोटो पाठवला.

बाकीच्या आकड्यांना वेळ लागतोय. कर्मचारी म्हणतो ग्रामसेवक साहेब आले की बघू, साहेब आठवड्यातून दोन दिवस येतात, त्यांच्याकडे आणखी गावं आहेत.

माजी_सरपंच_ताई

ताई, मी लिहू का नको असा विचार करत होते. मी सातवी शिकलेली, टायपिंग लेकीकडून करून घेतेय.

२०११ नंतर आपल्याकडे बायकांना निम्म्या जागा झाल्या आणि आमच्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. माझ्या सासऱ्यांचं गावात नाव होतं. त्या नावावर मी निवडून आले. मला बोलता येत नव्हतं, चारचौघांत पदर सारखा करण्यापलीकडे मी काही केलं नव्हतं. पहिलं वर्ष खुर्चीत मालक बसायचे आणि मी शेजारी. सगळीकडे असंच असतं, मला वाईटही वाटलं नाही.

वाईट वाटलं ते डोंगलपायी. पैसे काढायला आता सरपंचाची डिजिटल सही लागते. ती छोट्या डोंगलमध्ये असते, काँप्युटरला लावायची. माझं डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पासवर्ड त्यालाच माहीत. मला कोणी विचारायचंच नाही. एकदा अंगणवाडीत गेले तर सेविका म्हणाली, सरपंचबाई, तुम्ही सही करून खेळणी आणलीत, पण आली कुठं? कपाट रिकामं. मी सही केलीच नव्हती. पण माझीच सही होती. रात्रभर मला घाम फुटत होता. दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले, मालकांना न सांगता, आणि म्हटलं डोंगल द्या. तो म्हणाला, बाई, तुम्हाला काय कळणार त्यातलं? मी म्हटलं, कळेपर्यंत माझ्याकडे राहील.

आठ दिवस एकही बिल निघालं नाही. सगळे चिडले, घरातलेही. तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, आधी मी सही करून जेवून परत आले होते. या वेळी पुढं बसले आणि लेकीची शाळेची वही भरून काढली. बंधित, अबंधित, कोटेशन, मूल्यांकन. घरी आल्यावर लेक मला प्रश्न विचारायची, जसे मी तिचे पाढे घ्यायचे तशी. त्यानंतर प्रत्येक सहीच्या आधी मी एकच विचारायचे, "हे कुठंय ते मला दाखवा." गटार म्हणाले की गटारावर जाऊन उभी राहायचे. खेळणी चार महिन्यांनी आली.

तुमच्या भावाला देवानं आवाज दिलाय, मला तो नव्हता. पण पहिल्याच दिवशी डोंगल स्वतःच्या खिशात ठेवायचं आणि पासवर्ड कोणाला द्यायचा नाही, हे त्याला सांगा. भावकीलाही नाही.

आणि निवडून यायच्या आधी महिलांची ग्रामसभा होते त्या दिवशी एकदा बाहेर उभं राहून ऐकायला सांगा. आमच्याकडे गडीमाणसं रस्ता मागायची आणि बायका पाण्याची वेळ मागायच्या. रस्त्याला मतं पडतात असं सगळ्यांना वाटतं.

प्रचारातला_पोरगा

ताई, तुमचं वाचून मी आमच्या गावच्या उमेदवाराला फोन केला. डोंगलचं मलाही माहीत नव्हतं. तीन निवडणुका केल्या, पण निकालाच्या पुढचं मी कधी बघितलंच नाही.

माणदेशची_लेक

शेवटचं कळवते, कारण तुमच्यामुळे झालंय.

आकडे मिळाले. नळजोड ४२०. पाणीपट्टी वर्षाला १,२०० रुपये, म्हणजे मागणी ५,०४,०००. मागच्या वर्षी वसूल झाले २,१०,०००. पंपाचं बिल महिन्याला सरासरी ३८,०००, वर्षाचं ४,५६,०००. पाणी सोडणाऱ्याचा पगार, पावडर, मोटारीची दुरुस्ती अजून धरलेलीच नाही. काकांनी सांगितलं तसं मी पेन हातात धरलं नाही. त्यानं मांडलं, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा वजाबाकी बरोबर आली. २,४६,००० चा खड्डा, तोही बिलापुरताच. बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "आक्का, तयारी नसलेला पैलवान मैदानात घेतला तर मीच माईकवरून बोलतो की वस्तादानं पोराचा घात केला. मला कोणी का नाही अडवलं?" मी म्हटलं, आता अडवलं ना.

रविवारी आमच्या आळीत छोटी सभा होती. त्याचे मित्र सांगत होते की पाणीपट्टीचा विषयच काढू नको, लोक विसरतील. तो उभा राहिला आणि पहिलं तेच बोलला. मी आरतीच्या दिवशी बोललो ते हिशेब न बघता बोललो, माफी होणार नाही, माझीच बाकी होती ती भरली. मग कागद वाचून दाखवला. समालोचनाचा आवाज नव्हता, साधा बोलला. शिट्ट्या नाहीत. दोन-तीन जण उठून गेले, त्यांतला एक आमच्या भावकीतलाच.

मग मागं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "ते लाखाचं ऱ्हाऊदे. खालच्या आळीला रोज येतं आन् आमाला चौथ्या दिवशी. का?"

त्याला माहीत नव्हतं. त्यानं तसं सांगितलं आणि वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पाणी सोडणाऱ्या मामांबरोबर टाकीपासून आमच्या आळीपर्यंत चालत गेला. वाटेत एक व्हॉल्व्ह अर्धाच फिरतो, वरची आळी उंचावर, खालच्या आळीत तीन ठिकाणी नळाला थेट मोटारी लावलेल्या. त्यांतली एक मोटार त्याच्या प्रचाराची गाडी देणाऱ्याची आहे.

आता तो त्या माणसाकडे गेलाय बोलायला. एकटाच. अर्ज उद्या भरायचाय. मी खर्चाची नवी वही आणून पहिल्या पानावर रकाने आखून ठेवलेत. गाडीचं भाडं लिहायची ओळ अजून कोरी आहे.